खाली राजा, वर देवी

"काटा उभा धरू नका हो पोतदार, आडवा धरा. आपल्याला विहीर खणायची नाही, नुसता मळ उचलायचाय."

विश्वनाथअप्पा महामुनींनी माझ्या हातातला बाभळीचा काटा काढून घेतला, तिरपा करून दाखवला आणि परत दिला. समोर चामड्याच्या तुकड्यावर पावलीएवढं एक काळंकुट्ट नाणं पडलं होतं. शेजारी वाटीत रिठ्याचं पाणी, एक मऊ ब्रश, भिंग आणि अप्पांचा अर्धा राहिलेला चहा. तीन संध्याकाळ खपून माझी प्रगती काय, तर एक कान. काळ्या मळातून माणसाचा एक कान वर आला होता, आणि त्या कानावर मी इतका खूश होतो की विचारू नका.

"सुई नाही का चालायची? लवकर होईल," मी म्हटलं.

"सुई पोलादाची. चांदीवर ओरखडा उठला तर कोण भरून देणार? काट्याचं टोक मोडतं, नाणं राहतं. काटे टोपलीभर आहेत, नाणं एकच आहे." मग गालातल्या गालात हसत म्हणाले, "आडनाव पोतदार! वाडवडील राजाच्या खजिन्यात नाणी पारखत असतील, आणि वंशज सुई मागतोय."

ही एक्क्याण्णव सालची गोष्ट. तेरणा नदीच्या काठी आमचं गाव, आणि मी वीज मंडळात मीटर रीडर. गावोगावी घराघरांत शिरायचं, आकडे लिहून घ्यायचे. आमच्या भागात मीटर बहुतेक देव्हाऱ्याच्या वरच्याच भिंतीला. त्यामुळे आकडे वाचता वाचता मला लोकांच्या देवांमध्ये डोकावायची खोड लागली. कुणाकडे टाक, कुणाकडे जुनं तांब्याचं नाणं देव म्हणून पुजलेलं. त्यात एकदा सोलापूरच्या रद्दीवाल्याकडे प्राचीन नाण्यांचं एक फाटकं इंग्रजी पुस्तक मिळालं. दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या तेरहून माल निघायचा तो थेट रोमपर्यंत जायचा, हे शाळेत शिकलो होतो. आता पुस्तकात त्या रोमच्या राजांची तोंडं बघितली आणि मी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो. भेटेल त्याला राजांची नावं सांगत सुटलो. आणि शेवटी एक दिवस लक्षात आलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा. तसलंच एक नाणं आमच्याच देव्हाऱ्यात होतं!

आमच्या घरात त्याला नाणं म्हणत नसत. ती देवी होती. ताम्हणात मूठभर तांदूळ, तांदळावर देवी. वरच्या बाजूला मेणाकुंकवाचा लाल थर, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा जाड. खालची बाजू काळी. जुन्या बायका कपाळाला आधी मेण लावून त्यावर कुंकू टेकवायच्या, म्हणजे ते दिवसभर हलत नसे. तसंच देवीलाही, रोज सकाळी, अंगठ्यानं.

हे काम माझी माय करायची, गयाबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. "ऑपरेशन नवरात्र झाल्यावर करू," असं ती गेली तीन नवरात्रं सांगत होती. माणूस तिला आवाजावरून कळायचा, भांडं हाताला कळायचं, आणि देवी अंगठ्याला. कुंकू टेकवून झालं की अंगठा हळूच फिरवायची. "हे डोकं. हा खांदा. हा गुडघा." आणि मग, "आज खुशीत हाय."

नाणं मागायला गेलो तेव्हाचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं.

"माय, ते नाणं जरा दे. धुवून बघतो. रोमच्या राजाचं असावं."

"कोणतं नाणं? आपल्याकडं कुठाय नाणं?"

"देव्हाऱ्यातलं गं."

"ती देवी हाय."

"अगं, खालच्या बाजूला माणसाचं डोकं आहे. मला हाताला लागलं."

"मग मला ठाऊक न्हाई व्हय? माझ्या सासूनं सांगितलंय. खाली राजा पालथा पडलाय, त्याच्यावर देवी बसलीय." क्षणभर विचार करून ती म्हणाली, "राजाला काय धुवायचं ते धू. वरच्या बाईला हात लावू नकोस. आणि घट बसायच्या आदल्या दिवशी ती मला ताम्हणात पायजे. जशीच्या तशी."

"वचन देतो."

"वचनबिचन नको. हात लावू नको, एवढंच."

बारा दिवस हातात होते. मी नाणं घेऊन तडक अप्पांकडे गेलो. अप्पा आमच्या गावचे जुने सोनार. दुकान मुलाच्या हाती दिलेलं, पण संध्याकाळी पाटावर बसल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. मला नाणी साफ करायला शिकवायचं त्यांनी आनंदानं कबूल केलं होतं. नाणं हातात घेताच त्यांनी आधी लाल बाजू बघितली, वास घेतला, आणि कापडाची बोटभर चुंबळ करून ती बाजू खाली तीत बसवली.

"पाणी गार घ्यायचं," ते म्हणाले. "मेण आहे. ऊन लागलं की सुटेल."

कानानंतर जबडा आला. मग नाक. मग डोक्यावरची पानांची माळ. सहाव्या संध्याकाळी कडेनं अक्षरं दिसायला लागली आणि मी पाटावरून उठलोच.

"अप्पा, टी! टी आहे! पुढे आय! मग सी, ए, ई..."

"बसा, बसा. राजा दोन हजार वर्षं थांबलाय, तुम्ही दोन मिनिटं थांबा."

पुस्तक उघडून चित्र शेजारी ठेवलं. तोच जबडा, तेच नाक, तीच अक्षरं. तिबेरियस. रोमचा बादशहा माझ्या घरच्या ताम्हणात पालथा झोपला होता! मी अप्पांच्या पाया पडलो, त्यांच्या मुलाला मिठी मारली, समोरच्या शिंप्यालाही सांगून आलो. शिंपी म्हणाला, "बरं झालं." एवढंच म्हणाला, पण मला तेही पुरलं.

"छान झालं," अप्पा हात पुसत म्हणाले. "आता घरी न्या. मायच्या हातात द्या."

तिथंच संपायला हवं होतं. पण मी आधीच आगाऊपणा करून सोलापूरच्या नाणेसंग्राहकांच्या मंडळाला पत्र टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांचं कार्ड आलं. "आपलं नाणं महत्त्वाचं वाटतं. दोन्ही बाजूंचे पेन्सिलचे ठसे पाठवावेत. दुसरी बाजू पाहिल्याशिवाय ओळख पक्की मानता येत नाही. दिवाळीच्या प्रदर्शनात नाव घालायचं असल्यास सोमवारच्या टपालानं पाठवावे." प्रदर्शनात नाव! श्री. रंगनाथ पोतदार यांच्या संग्रहातून. मीटरच्या पावतीखेरीज माझं नाव आजवर कुठं छापून आलेलं नव्हतं.

कार्ड घेऊन मी अप्पांकडे गेलो.

"मंडळाला लिहा, दुसरी बाजू पूजेत आहे," अप्पा म्हणाले.

"अप्पा, नुसता मळ तर आहे. काढू, ठसा घेऊ, परत लावू."

अप्पांनी भिंग खाली ठेवलं. "पोतदार, मळ आपोआप बसतो. हे आपोआप बसलेलं नाही, कुणीतरी बसवलंय. कुणी, ते आधी घरी विचारा. मग बोलू."

मी विचारलं नाही. विचारलं तर नाहीच म्हणेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. पी हळद अन् हो गोरी, अशी माझी गत. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली. शनिवारी दुपारी माय शेजारच्या काकूंचा हात धरून महादेवाच्या देवळात कीर्तनाला गेली आणि घरात मी एकटा उरलो. मी मनाशी हिशेब केला, की मेण काढायचं, ठसा घ्यायचा, नवं मेण आणि नवं कुंकू लावून ठेवायचं. मायला कुठं दिसतंय? हो, हे मी मनात म्हटलं. माझ्या स्वतःच्या आईबद्दल म्हटलं, आणि आज हे सांगताना माझी मान खाली जाते.

रिठ्याचं पाणी चांगलं कढत केलं. नाणं वाटीत सोडलं. एखादं मिनिटही लागलं नसेल. थराची कड उचलली, मग सगळा थरच सुटला आणि पाणी लालभडक झालं. मी चिमट्यानं नाणं बाहेर काढलं, पुसलं, खिडकीशी नेलं.

पांढरी स्वच्छ चांदी होती आणि तिच्यावर काहीच नव्हतं.

भिंग लावलं. तिरपं धरल्यावर खुर्चीच्या पायासारखं काहीतरी, कडेला दोन अर्धी अक्षरं, आणि मधे एक गुळगुळीत उतार. पुस्तकातल्या चित्रात या बाजूला सिंहासनावर बसलेली एक बाई होती, एका हातात दंड, दुसऱ्या हातात डहाळी. इथं बाई नव्हती. कागद ठेवून पेन्सिल फिरवली तर एक करडा गोल उमटला.

मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. खालचा राजा तांदळात पालथा पडून सुखरूप राहिला होता. वरच्या बाईवर मात्र पिढ्यान् पिढ्या बायकांचे अंगठे फिरले होते. त्यांनीच ती झिजवली, आणि झिजेल तशी त्यांनीच ती मेणाकुंकवानं भरत आणली. डोकं मेणाचं होतं. खांदा मेणाचा होता. मायच्या अंगठ्याला रोज लागायचा तो गुडघाही कुंकवाचाच होता. आणि हे सगळं मी एका मिनिटात उकळून काढलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी धडपड केली. मायचा कुंकवाचा करंडा उघडला, त्यातलं मेण घेतलं, थापलं, काडीनं डोकं काढायला गेलो तर बटाटा झाला. पुसलं, परत थापलं. शेवटी सपाट मेणावर सपाट कुंकू लावून देवी तांदळावर ठेवली आणि ओट्याशी जाऊन उभा राहिलो.

माय दारातूनच म्हणाली, "आली का रे देवी? रिठ्याचा वास यायलाय."

"आली."

"घटाला चार दिवस राहिलेत, तू लवकर आणलीस. शहाणा हायेस." तिनं हातपाय धुतले, भिंतीला धरत देव्हाऱ्यापुढं आली, बसली, तोंडानं काहीतरी पुटपुटत अंगठा ताम्हणात नेला.

अंगठा फिरला आणि थांबला. परत फिरला.

"रंगा, हिचं डोकं कुठाय?"

मी ओट्यावरची लाल पाण्याची वाटी मागं सरकवली.

"गुडघा कुठाय?" तिनं देवी उचलली, दोन्ही बाजूंनी चाचपली. "ही दुसरीच कुणाची आणलीस व्हय रे? त्या अप्पांकडं बदलली का काय?"

"नाही माय. तीच आहे."

"मग मला का दिसंना?"

तिच्यासमोर जाऊन बसलो आणि सगळं सांगून टाकलं. सोलापूरचं कार्ड, कढत पाणी, पेन्सिल. तिला दिसत नाही असं मी म्हटलं होतं, तेसुद्धा सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक. एकदा सुरू झाल्यावर थांबता आलं नाही.

ती ओरडली नाही. तिनं ओरडावं असं मला फार वाटत होतं. देवी परत तांदळावर ठेवत ती म्हणाली, "तुझे अण्णा गेले तवा तू बाहेर मर्तिकाच्या तयारीत होतास. तुला ठाऊक न्हाई. बायकांनी माझं कुंकू पुसलं. एकजण माझा करंडा उचलून नदीत सोडायला निघाली. मी म्हणलं, ठेव तो. देवीला लागतो." तिनं पदर सारखा केला. "आधी रोज सकाळी दोन बोटं लावायची. एक तिला, एक मला. त्या दिवसापासनं दोन्ही तिलाच लावते. माझं बी तिच्याच कपाळावर हाय. बारा वर्सं. कुणाला बोलले न्हाई. लोकं काय म्हणतील?"

कुणी बसवलंय ते आधी घरी विचारा, असं अप्पा म्हणाले होते. उत्तर माझ्यासमोर पाटावर बसलं होतं, मोकळ्या कपाळानं. मला रडू फुटलं. तेहतीस वर्षांचा घोडा मी, लहान पोरासारखा हुंदके देत होतो.

"रडू नको," माय म्हणाली. "ते पाणी कुठं टाकलंस?"

"टाकलं नाही. ओट्यावर वाटीत आहे."

"आण."

पाणी गार झालं होतं. आणि वाटीत वर काय बघतो, तर लाल मेणाची एक चकती गोठून तरंगत होती. सगळं तिथंच होतं, नुसता आकार गेला होता. मी ती चकती उचलून मायच्या हातात दिली. तिनं दाबून बघितली, वास घेतला, आणि तिचा चेहरा थोडा सैल झाला. पाणी मला तुळशीला घालायला लावलं.

परत येऊन बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून, किंवा तिला बरं वाटावं म्हणून, म्हणालो, "माय, पुस्तकात लिहिलंय, ती वरची बाई म्हणजे त्या राजाची आई असावी असं काही जाणकार म्हणतात."

माय चटकन वळली. "बघ. त्यानं आपल्या आईला नाण्यावर बसवलं. आन तू?"

कुणीतरी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. पण तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, मी बघितलं. मग तिनं करंड्यात नवं मेण होतं ते काढून टाकलं, त्या जागी लाल चकती बसवली आणि करंडा माझ्यापुढं सरकवला.

"लाव."

"मी?"

"तू काढलंस, तूच भर. माझ्यानं आता किती दिवस होणार हाय?" तिनं माझा अंगठा धरला आणि नाण्यावर नेला. तिचं बोट माझ्या नखावर होतं. "हितं डोकं. हितं खांदा. आन हा गुडघा. मेण राईएवढं घ्यायचं, जास्त न्हाई. मी रोज लावायची, तू दर शुक्रवारी लावलंस तरी चालंल. घाई करायची न्हाई."

घट वेळेवर बसले. देवी त्या वर्षी सपाटच होती. सोलापूरला मी एकाच बाजूचा ठसा पाठवला आणि खाली लिहिलं, "दुसरी बाजू पूजेत आहे." नाव यादीत आलं नाही. अप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी नुसता चहा पुढं केला.

नवरात्र झाल्यावर मायनं ऑपरेशन करून घेतलं. पट्टी सुटल्यावर घरी आली, देवी हातावर घेतली, नव्या डोळ्यांनी खूप वेळ बघितली. मग डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. "अजून न्हाई आली," म्हणाली. पुढं सात वर्षं दर शुक्रवारी माझं कुंकू लावून झालं की ती तेच करायची, डोळे मिटून. "अजून न्हाई." शेवटच्या आजारपणातही देवी खाटेवर आणायला लावली होती. तेव्हाही तेच म्हणाली, पण पुढं म्हणाली, "यील."

आता मी निवृत्त आहे. संग्रहात बरी नाणी जमली आहेत, आणि जिल्ह्यातले नवे हौशी लोक साफसफाई शिकायला माझ्याकडे येतात. गार पाणी, बाभळीचा काटा, आणि वरचा थर कुणी बसवलाय ते आधी विचारा, एवढंच मी शिकवतो. देव्हाऱ्यातली देवी बघून एखादा हळहळतोच, "सर, तिबेरियस आहे ना हा? आणि तुम्ही त्याला मेण फासताय?" मी म्हणतो, हो.

परवाच्या शुक्रवारी नेहमीसारखं राईएवढं मेण घेतलं. डोकं, खांदा, गुडघा. कुंकू टेकवलं. डोळे मिटून अंगठा फिरवला, आणि खालच्या बाजूला, डावीकडे, बोट अडलं. म्हटलं, तांदळाचा दाणा चिकटला असेल. पुसून परत फिरवला. तिथंच अडलं. तिसऱ्यांदा फिरवला.

घरात कुणी नव्हतं. तरी मी मोठ्यानं म्हणालो, "माय, गुडघा आलाय गं."